गिअर अडकतोय म्हणजे गिअरबॉक्सच गेला असं नाही

सासवडकडच्या एका पिकअपवाल्या दादांचा प्रश्न आहे. गाडी १ लाख ३८ हजार किलोमीटर झालीय. पासिंग दीड टनाचं, पण हंगामात दोनच्या वर भरतात. पहाटे अंजीर, सीताफळ नाहीतर वाटाणा घेऊन दिवे घाट उतरून गुलटेकडीला मार्केट यार्डात जायचं आणि येताना पशुखाद्य किंवा खत भरून घाट चढायचा. दोन महिने झाले, सकाळी पहिला गिअर आणि रिव्हर्स घट्ट लागतात, रिव्हर्सला खर्रकन आवाज येतो आणि चालत्या गाडीत दुसरा टाकताना अधूनमधून करकरतो. एक मिस्त्री म्हणतो गिअरबॉक्स उतरवून सिंक्रो (गिअर न करकरता बसवणाऱ्या रिंगा) टाकू. दुसरा म्हणतो १४० नंबरचं जाड तेल टाका, सगळं बसेल. गिअरचं तेल आजवर कधी बदललेलं आठवत नाही. तर काय करावं?

दादा, मी हडपसरला २७ वर्षं पिकअप आणि छोटे टेम्पोच करतोय, त्यात निम्मं काम क्लच-गिअरबॉक्सचं. तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. तुम्ही विचारताय की सिंक्रो टाकू का जाड तेल टाकू. मी आधी विचारेन की तक्रार एक आहे का दोन. उभ्या गाडीत पहिला आणि रिव्हर्स घट्ट लागणं ही एक गोष्ट आणि चालत्या गाडीत दुसरा करकरणं ही वेगळी. पहिलीचं मूळ बहुतेक वेळा गिअरबॉक्समध्ये नसतंच, ते क्लचमध्ये असतं. दुसरीचं गिअरबॉक्समध्ये असू शकतं. गाडी हातात न घेता मी छातीठोक सांगू शकत नाही, पण तुम्हाला घरच्या अंगणात बिनखर्चात करता येतील अशा दोन-तीन तपासण्या सांगतो. त्या झाल्याशिवाय कुणालाही गिअरबॉक्स उतरवू देऊ नका.

उद्या पहाटे गाडी चालू करायच्या आधी, इंजिन बंद असताना, क्लच दाबून पहिल्यापासून पाचव्यापर्यंत आणि मग रिव्हर्स असे सगळे गिअर टाकून बघा. सरळ पडतात का? रिव्हर्स एखाद्या वेळी दातावर दात येऊन अडेल, तेवढ्यापुरती गाडी जराशी ढकलून परत बघा. मग इंजिन चालू करा आणि तेच करा. बंद इंजिनावर लोण्यासारखे पडणारे गिअर चालू इंजिनावर घट्ट झाले, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. पेडल तळाला गेलं तरी क्लच प्लेट फ्लायव्हीलला थोडी घासत राहते, गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट फिरत राहतो आणि फिरत्या शाफ्टवर तुम्ही गिअर कोंबता. बंद इंजिनावरसुद्धा लिव्हर तसाच जड असेल, तर मग वायर, लिंक, बुश किंवा आतलं तेल यांच्याकडे बघायचं.

दुसरी तपासणी रिव्हर्सची. बऱ्याच पिकअपना रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे घाईघाईत टाकला की खर्र होणारच. इंजिन चालू, न्यूट्रल, क्लच पूर्ण दाबा, मनात सावकाश दहापर्यंत मोजा आणि मग रिव्हर्स टाका. शांत पडला तर फक्त घाई नडत होती. दहा मोजूनही खर्र झालं तर पुन्हा क्लचच. आणि पेडल दोन-तीनदा पटापट मारल्यावर गिअर सोपा पडत असेल, तर क्लचच्या ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे नाहीतर पेडलाकडचा मास्टर किंवा गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह सिलिंडर गळतोय.

हे इतकं ठासून का सांगतोय, त्याला कारण आहे. नारायणगावहून टोमॅटो आणणारा एक मुलगा माझ्याकडे आला. त्याचा गिअरबॉक्स दोनदा उतरला होता. सिंक्रो नवे, बेअरिंग नवे, पैसे गेलेले आणि रिव्हर्स तसाच खर्र. मी गाडीखाली सरकलो, स्लेव्ह सिलिंडरच्या रबरी टोपीची कड अंगठ्याने मागे सरकवली आणि तिच्यातून काळपट ब्रेक ऑइल अंगठ्यावरून मनगटापर्यंत आलं. टोपीत साठलेलं, त्यामुळे जमिनीवर एक थेंबसुद्धा दिसत नव्हता. शिवाय ड्रायव्हरच्या पायाखाली एकावर एक दोन मॅट, पेडल खाली जायचं तिथं दोन बोटं जागा कमी. स्लेव्ह सिलिंडर बदलला, हवा काढली, वरची मॅट काढून टाकली. तासाभराचं काम. त्या मुलाने टोमॅटोच्या हंगामातले किती दिवस गाडी उभी ठेवली असेल, ते आठवलं की आजही वाईट वाटतं. म्हणून क्लचचं ऑइल दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि सिलिंडर आतून खराब करतं.

आता तुमचा दुसरा गिअर. पिवळ्या धातूची एक रिंग असते, तिला आपण सिंक्रो म्हणतो. गिअर बदलताना शाफ्टचा वेग आणि पुढच्या गिअरचा वेग वेगळा असतो. ही रिंग गिअरच्या निमुळत्या भागावर घासून दोघांना एका वेगावर आणते, मगच दात बसतात. म्हणजे सिंक्रो हा एक छोटा ब्रेकच. ब्रेकला पकड लागते. रिंगवर बारीक आट्या असतात, त्या तेलाचा थर कापून धातूला धातू टेकवतात. आट्या झिजल्या की रिंग घसरते आणि दात एकमेकांवर आपटतात. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना क्लच दाबून न्यूट्रल करा, क्लच सोडा, क्षणभर थांबा, परत क्लच दाबून दुसरा टाका. असं केल्यावर करकर गेली तर दुसऱ्याचा सिंक्रो झिजलाय असं धरा. पण आधी क्लचचा दोष काढून टाका, कारण न सुटणारा क्लच चांगल्या सिंक्रोलाही करकर करायला लावतो, आणि तसाच चालवत राहिलात तर दोन-चार महिन्यांत तो सिंक्रो खरंच खाऊन टाकतो.

आणि इथेच जाड तेलाचा सल्ला मला पटत नाही. रिंगने तेलाचा थर कापायचा असतो, तर थर जाड केल्यावर ती कापणार कशी? डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो. तेव्हा १४० नंबरचं तेल काकवीसारखं होतं आणि तुमची सकाळची तक्रार आणखी वाढेल. बेअरिंगची घरघर जाड तेलाने दबते, हे खरं आहे. गाडी विकायला काढलेले लोक नेमकं म्हणूनच ते टाकतात. आवाज दबतो आणि आत झीज चालूच राहते. इंजिन ऑइलचे आकडे मनात धरून गिअर ऑइलचे वाचू नका, दोन्हींची मापं वेगळी आहेत. ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल गरम झाल्यावर साधारण इंजिनच्या ४० नंबरच्या तेलाच्या जवळपास पातळ असतं.

नंबराइतकंच महत्त्वाचं डब्याच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: जीएल-४ का जीएल-५. मागच्या चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शियलमधले, म्हणजे आपण हाउसिंग म्हणतो त्यातले, दात एकमेकांवर घसरत, रगडत फिरतात, त्यांना जीएल-५ लागतं. त्यात गंधक-फॉस्फरसची मात्रा जास्त असते, त्यामुळे दाब कितीही आला तरी दातांवर थर टिकतो. पण तेच तेल सिंक्रोला जास्त निसरडं पडू शकतं, आणि गरम झाल्यावर त्यातलं गंधक पिवळ्या धातूला खाऊ शकतं. म्हणून सिंक्रोवाल्या गिअरबॉक्सला बहुतेक ठिकाणी जीएल-४ सांगितलेलं असतं. बहुतेक म्हणतोय, सगळीकडे नाही. काही गिअरबॉक्स वेगळ्या तेलावरच बनवलेले असतात. गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढा आणि त्यात लिहिलेलाच नंबर आणि तीच जीएल घ्या. पुस्तक सांगेल ते माझ्या किंवा कुठल्याही मिस्त्रीच्या बोलण्याच्या वर. दुकानात "ईपी ९० द्या" एवढंच म्हणालात तर समोर असेल ते मिळतं, आणि एकाच डब्यातून गिअरबॉक्स आणि हाउसिंग दोन्ही भरले जातात. तिथे चूक होते.

१ लाख ३८ हजारांवर मूळचंच तेल असेल तर सिंक्रो असो नसो, तेल बदलायचंच. कुणाकडूनही करून घ्या, पण शेजारी उभे राहून करून घ्या. आधी दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवा, म्हणजे तेल पातळ होऊन तळातला गाळ घेऊन बाहेर येईल. गाडी सपाट जागेवर हवी, खड्ड्यावर किंवा मजबूत स्टँडवर. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, दोन मिनिटांचं काम असलं तरी. आणि आधी भरायचा बोल्ट उघडा, मग सोडायचा. माझ्या उमेदवारीच्या काळात मी उलट केलं होतं. तेल सगळं सोडलं, आणि वरचा बोल्ट असा गंजून बसलेला की पाना घसरून त्याचे कोपरे गोल झाले. रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी हलवताही येईना. गिऱ्हाइकाचा एक दिवसाचा माल गेला. त्या दिवसापासून वरचा बोल्ट ढिला झाल्याशिवाय मी खालच्याला हात लावत नाही.

तेल सोडताना खाली स्वच्छ स्टीलची परात ठेवायला सांगा आणि ती उन्हात न्या. मी हे प्रत्येक गाडीला करतो. परात हळूच तिरकी केली की तळाशी काय आहे ते कळतं. काळं तेल दिसलं म्हणून घाबरू नका. सोडायच्या बोल्टला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी लोण्यासारखा लगदा मिळेल. तो चिमटीत घेऊन चोळा. काजळासारखा मऊ लागला तर ती रोजची झीज आहे. बोटाला टोचणारा कण किंवा दाताचा तुकडा सापडला तर मात्र गिअरबॉक्स उघडावा लागेल. तेलात सोनेरी चमचम तरंगताना दिसली तर ती सिंक्रोची पूड. चुंबकाला ती चिकटत नाही, म्हणून परात बघायची. थोडी चमचम या वयाच्या गाडीत असते. रांगोळीत चमकी मिसळल्यासारखं पूर्ण तेल चमकत असेल तर सिंक्रो टाकू म्हणणाऱ्या मिस्त्रीचं म्हणणं बरोबर आहे, आणि मी ते मान्य करेन.

नवं तेल किती? लिटरचा आकडा पुस्तकात असतो, पण खरी खूण भरायच्या भोकाची खालची कड. सपाट गाडीत तेल कडेपर्यंत येऊन ओघळायला लागलं की झालं. करंगळी आत वाकवा, टोकाला लगेच तेल लागलं पाहिजे. "थोडं जास्त टाका" म्हणू नका, जास्त तेल फेसाळतं आणि सील फोडून बाहेर येतं. बोल्टचे वॉशर नवे टाका. मग ब्रीदर बघा. गिअरबॉक्सच्या वर एक छोटी टोपी किंवा नळी असते, आतली गरम हवा तिच्यातून बाहेर जाते. चिखलाने ती बुजली की हवा सीलमधून वाट काढते, सील गळतं, आपण नवं सील टाकतो आणि महिन्याभरात तेही गळतं. ब्रीदर साफ केल्याशिवाय सील बदलू नका.

पाण्यातून गेलेल्या गाड्यांचं थोडं वेगळं आहे. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं, त्यानंतर आलेल्या गाड्यांपैकी काहींचं इंजिन मालकांनी आधीच बघून घेतलं होतं, पण गिअरबॉक्सकडे आणि हाउसिंगकडे कुणाचं लक्ष नव्हतं. गरम गिअरबॉक्स एकदम गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढते. सोडलेलं तेल दुधाच्या चहासारखं दिसतं. अशा तेलावर गाडी चालवली तर बेअरिंग गंजून जातात. तुमची गाडी ओढ्याच्या पाण्यातून कधी चाकाच्या मध्याच्या वर बुडून गेली असेल तर किलोमीटर मोजत बसू नका, त्याच आठवड्यात दोन्हीकडचं तेल सोडून बघा.

हाउसिंगचं तेल बदलायचं राहून जातं, ते याच वेळी बदला, तिथे जीएल-५. गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या शाफ्टच्या क्रॉसना, म्हणजे सांध्यांना, निपल असतील तर ग्रीस मारा, जुनं ग्रीस चारी टोकांतून बाहेर येईपर्यंत. क्लच सोडताना खालून "टक्" आवाज येत असेल तर क्रॉस बघा. तो आवाज गिअरबॉक्सचा समजून मोठं काम काढलेले लोक मी पाहिलेत.

आणखी दोन आवाज ओळखून ठेवा. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर घरघर येते आणि पेडल दाबलं की थांबते, तर गिअरबॉक्सचा पुढचा बेअरिंग. पेडल दाबल्यावरच येत असेल तर क्लचचा रिलीज बेअरिंग.

आता घाटाबद्दल, कारण तुमचा रस्ता ऐकूनच मला काळजी वाटली. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे सगळे जाणतात आणि डिझेल वाचवायला पहाटे न्यूट्रल करतात. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर न्यूट्रलमध्ये आलेल्या, ब्रेक तापून सुटलेल्या गाड्यांनी किती माणसं नेली, ते आपण पुणेकरांनी पाहिलंय. दोन टन माल पाठीवर घेऊन दिवे घाटात न्यूट्रल करू नका, हे आधी जिवासाठी सांगतोय. गिअरबॉक्सचंही त्यातच नुकसान. न्यूट्रलमध्ये चाकाकडचा शाफ्ट जोरात फिरतो आणि इंजिनकडचा नुसत्या आयडलवर. वळण आलं, तुम्ही घाबरून दुसरा किंवा तिसरा कोंबला, की दोघांमधला सगळा फरक त्या एवढ्याशा पिवळ्या रिंगेला एका क्षणात भरून काढावा लागतो. तुमचा दुसराच का करकरतो, याचं उत्तर इथे असण्याची मला दाट शक्यता वाटते.

चढताना वाहनांची रांग लागली की अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवू नका. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, पाय काढा. पालखीच्या दिवसांच्या आगेमागे वडकीपासून वर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात, तेव्हा एका दिवसात क्लच प्लेट जाळून आलेली पिकअप माझ्याकडे आलीय. फ्लायव्हील तापून निळं पडलं होतं. चालवताना हात लिव्हरवर ठेवायची सवय असेल तर तीही सोडा. हाताचं वजन आतल्या गिअर सरकवणाऱ्या फोर्कवर सतत पडतं आणि तो झिजतो. बंद पडलेली गाडी लांब ओढून न्यायची वेळ आली तर मागचा शाफ्ट सोडवून मगच ओढा. इंजिन बंद असताना आतलं तेल वर उडवणारा खालचा शाफ्ट फिरत नाही, आणि वरचा मात्र कोरडा फिरत राहतो.

मालाचं वजन मी टाळून पुढे जाऊ शकत नाही. दीड टनाच्या पासिंगवर दोनच्या वर भरता, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत. भाव पडलेला असताना एका खेपेत जास्त माल नेण्याची ओढ मला कळते, माझं घरही शेतकऱ्याचंच आहे. पण त्या जादा वजनाचा भार क्लच, गिअर, हाउसिंग आणि ब्रेक चौघांवर पडतो आणि घाटात तो दुप्पट जाणवतो. पुस्तकात तेल बदलायचं अंतर सरळ रस्त्यासाठी आणि कष्टाच्या कामासाठी वेगळं दिलेलं असेल तर तुमचं कष्टाचंच धरा. घाटात भरून चालणाऱ्या गाड्यांचं तेल मी ४० हजारांवर बदलतो. तुमचं इतक्या वर्षांनी बदलतोय, म्हणून यावेळी पाच हजारांवर पुन्हा एकदा सोडून बघा. पहिल्या खेपेला सुटलेला गाळ दुसऱ्या खेपेला निघतो.

तर क्रम असा: उद्या पहाटेची तपासणी, मग क्लचची लाइन आणि मॅट, मग पुस्तकातलं तेल. एवढं करून आठवडाभर चालवा. त्यानंतरही दुसरा करकरत राहिला तर गिअरबॉक्स उतरवायला हरकत नाही. उतरवलाच तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पुढचं सील त्याच वेळी बघून घ्या, कारण उतरवायची मजुरी एकदाच द्यायची. काढलेले जुने पार्ट पोत्यात घालून परत मागा. नवी रिंग जुन्या गिअरवर दाबून दोघांमधली फट मिस्त्रीला तुमच्यासमोर मोजायला लावा. गिअरचा निमुळता भागच झिजला असेल तर नुसती नवी रिंग टिकणार नाही.

तेल सोडाल तेव्हा परातीतलं थोडं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी काय बसलंय, तेलाखाली पाण्याचा थर आहे का तेलात मिसळून दुधाळ झालंय, आणि दहा मोजल्यावर रिव्हर्स कसा पडला, एवढं मला कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.